हिशेबाबाहेरचे पाणी, हिशेबाबाहेरची माणसे



पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १८९२ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी भारतीय अर्थशास्त्रावर एक व्याख्यान दिले. विलायतेत घडलेले अर्थशास्त्राचे सिद्धान्त त्या काळी भूमितीच्या प्रमेयांसारखे शिकवले जात. माणूस फक्त स्वतःचा फायदा पाहतो, भांडवल आणि मजूर जिथे मोबदला जास्त तिथे विनासायास जातात, स्पर्धा सर्वांना खुली असते, अशी ती गृहीतके होती. रानड्यांनी ती एकेक करून इथल्या परिस्थितीवर घासून पाहिली. जातीने बांधलेला व्यवसाय, सावकाराने बांधलेला कुणबी आणि परक्या सत्तेने बांधलेला व्यापार असलेल्या देशात त्यांतले फारच थोडे टिकत होते. शास्त्र आहे म्हणून ते देशकालापलीकडचे ठरत नाही, हे त्यांचे म्हणणे.

त्याआधी सोळा वर्षे दादाभाई नौरोजींनी मुंबईत वाचलेल्या निबंधात हिंदी माणसाचे वार्षिक उत्पन्न सरासरी २० रुपये काढले होते. आकडा काढून ते थांबले नाहीत. सरकार तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्रावर जे खर्च करते, त्याच्याशेजारी त्यांनी तो नेऊन ठेवला. मोकळ्या रयतेच्या वाट्याला कैद्याइतकेही येत नाही, हे त्यातून उघड झाले. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ मध्ये पुरा केला. शेतातली माती वाहून जाऊ नये, पाणी मुरावे म्हणून लष्करातल्या आणि पोलिसातल्या रिकाम्या हातांकडून ताली-बंधारे बांधून घ्यावेत, असे त्यांनी त्यात सुचवले. एकाने सिद्धान्त तपासला, दुसऱ्याने सरासरी फोडली, तिसऱ्याने माती आणि पाणी ही संपत्ती धरली.

हवामान, विषमता आणि विस्कटलेले समाजजीवन यांना तोंड देण्यासाठी अर्थशास्त्राचा फेरविचार हवा, असे आज जगभर म्हटले जाते. महाराष्ट्रात तो फेरविचार एकदा नव्हे, अनेकदा झाला आहे. पुस्तकांपेक्षा तो कायद्यांत, कारखान्यांत आणि गावच्या ठरावांत अधिक सापडतो. काही वेळा तो यशस्वी झाला, काही वेळा अर्धवट राहिला. जिथे अडला तिथे कारण बहुधा एकच होते: हिशेबाच्या वहीत कोणाला घ्यायचे आणि कोणाला बाहेर ठेवायचे, ही रेघ चुकीच्या जागी ओढली गेली.

मोजमापाचा पेच

राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची आधुनिक पद्धत बसवण्यात सायमन कुझनेट्स यांचा वाटा मोठा. अमेरिकेच्या सिनेटसाठी १९३४ साली त्यांनी केलेल्या अहवालातच, या आकड्यावरून देशाच्या कल्याणाचा अंदाज बांधणे धोक्याचे आहे, असा इशारा आहे. औषध बनवणाऱ्याने बाटलीवर सूचना लिहिली आणि पुढच्या पिढ्यांनी बाटली ठेवून सूचना फाडून टाकली.

या मापात काय सुटते? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकामात सहभागी असलेल्या स्त्रिया रोज सरासरी २८९ मिनिटे घरच्यांसाठी विनामोबदला राबतात, पुरुष ८८ मिनिटे. स्वयंपाक, धुणीभांडी यांत गेलेले हे जवळजवळ पाच तास राष्ट्रीय उत्पन्नात शून्य धरले जातात. सरासरीने आणखी एक गोष्ट झाकली जाते. वर्ल्ड इनइक्वालिटी लॅबच्या अंदाजानुसार २०२२-२३ मध्ये भारतातल्या वरच्या एक टक्का लोकांकडे देशाच्या उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा होता. दरडोई उत्पन्न वाढले, ही बातमी खरीच असते. ते कोणाच्या डोईवर वाढले, ते त्या बातमीत नसते.

हवामानाच्या बाबतीत हा पेच अधिक गंभीर होतो. विल्यम नॉर्डहाउस यांना हवामानबदल आणि दीर्घकालीन वाढ यांची सांगड घातल्याबद्दल २०१८ चे नोबेल मिळाले. त्यांच्या १९९१ च्या मांडणीत अमेरिकेच्या उत्पन्नापैकी ८७ टक्के उत्पन्न अशा क्षेत्रांतून येते की त्यांच्यावर हवामानाचा परिणाम नगण्य, असे धरले होते. कारखाना, बँक, कार्यालय ही कामे छपराखाली चालतात. शेतीचा वाटा छोटा, म्हणून तिचे नुकसानही छोटे. पुढे त्यांच्या प्रतिमानातून एकविसाव्या शतकाअखेर सुमारे साडेतीन अंश तापमानवाढ ‘इष्टतम’ निघाली.

हेच गणित महाराष्ट्राला लावून पाहावे. राज्याच्या उत्पन्नात शेती आणि संलग्न क्षेत्रांचा वाटा बारा टक्क्यांच्या आसपास असतो. २०११ च्या जनगणनेप्रमाणे राज्यातल्या काम करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक मात्र शेतीत होते. शेती निम्मी बुडाली तरी या हिशेबात राज्याचे सहाच टक्के जातात. प्रत्यक्षात निम्म्या महाराष्ट्राची चूल विझायची वेळ येते. पाऊस दडी मारतो तेव्हा आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुराने सोलापूर-धाराशिवकडे केले तसे शेत खरवडून नेतो तेव्हाही. रुपयांत मोजले की माणूस त्याच्या कमाईइतकाच मोठा उरतो. ज्याची कमाई कमी, त्याचे नुकसानही कमी भरते.

पाच पोती साखर

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून ‘जलदूत’ नावाची रेल्वेगाडी लातूरला पोचली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर तोडून आलेले ते पाणी पाहायला स्थानकावर गर्दी झाली. त्याच्या काही आठवडे आधी लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होतील या भीतीने जमावबंदीचे कलम लावावे लागले होते.

महाराष्ट्रात एक किलो साखरेमागे दोन हजार लिटरच्या घरात पाणी लागते, असा कृषी मूल्य आयोगाचा हिशेब आहे. म्हणजे त्या पहिल्या गाडीतले सगळे पाणी अडीचशे किलो साखरेचे. पाच पोत्यांचे. त्या २०१५-१६ च्या हंगामात राज्यात ८४ लाख टनांच्या आसपास साखर झाली आणि त्यात मराठवाड्यातल्या कारखान्यांचाही वाटा होता. उसाखाली राज्याचे पिकांखालचे जेमतेम चार टक्के क्षेत्र, पण सिंचनाचे सुमारे ७० टक्के पाणी त्याला लागते, हेही याच आयोगाने नोंदवले आहे.

शेतकरी वेडा म्हणून ऊस लावत नाही. बाजारात ज्याची किंमत कायद्याने ठरलेली आणि उचलायला गिऱ्हाईक दारात हजर, असे दुसरे पीक त्याच्याजवळ नाही. तुरीचे, कांद्याचे, सोयाबीनचे भाव कधी पडतील याचा नेम नाही. पंपाची वीज स्वस्त, विहिरीतल्या पाण्याला दर नाही. त्याचा स्वतःचा हिशेब चोख आहे. चूक वरच्या हिशेबात आहे, कारण त्यात भूजलाला किंमतच नाही. पाणी जमिनीखाली होते तोवर ते राष्ट्रीय उत्पन्नात धरले गेले नाही. उपसून साखर झाली तेव्हा उत्पन्न वाढले. विहिरी आटल्यावर टँकर आले, रेल्वे धावली, तेव्हा वाहतुकीचे उत्पन्नही वाढले. तिन्ही टप्प्यांत वजाबाकीची ओळ कुठेच लिहिली गेली नाही. आता उसाचे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळले जाते. कार्बनच्या खात्यावर ते जमेला धरतात; पाण्याच्या खात्यावर ते नावे पडते आणि ती दोन खाती वेगवेगळ्या मंत्रालयांत असतात.

कुंपण कुठवर?

या उसामागे एका मोठ्या फेरविचाराचा इतिहास आहे. नीरा, प्रवरा, गोदावरी ही कालव्यांची कामे इंग्रजी अमदानीत झाली ती दुष्काळाशी सामना म्हणून. पण ज्वारी-बाजरीवाला शेतकरी पाणी मागायचा फक्त पाऊस चुकला की. चांगल्या वर्षी कालव्याचे उत्पन्न बसे. पाणीपट्टी नियमित यावी म्हणून सरकारनेच उसाला वाट करून दिली. दुष्काळासाठी खणलेल्या चारीत महसुलाच्या हिशेबाने ऊस उभा राहिला.

पुढे सावकार, दलाल आणि खासगी कारखानदार यांच्या कचाट्यातून ऊसवाल्याला सोडवण्यासाठी लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचा स्वतःचा कारखाना काढायचे मनावर घेतले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ त्यांच्या मागे उभे राहिले आणि कारखान्याचे पहिले अध्यक्षही झाले. १९५० मध्ये प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला. नफा भांडवलदाराच्या खिशात न जाता उत्पादकाच्या घरात यावा, हे साधे पण क्रांतिकारक अर्थशास्त्र होते. त्यातून शाळा, कॉलेजे, दवाखाने, रस्ते उभे राहिले. पश्चिम महाराष्ट्राचे रूप पालटले, हे कोणी नाकारू नये.

तरीही या सहकाराला कुंपण होते. सभासद व्हायला ऊस हवा, उसाला जमीन आणि पाणी हवे. ज्याच्याकडे यातले काहीच नव्हते, तो कारखान्याच्या आवारात आला तो कोयता घेऊन.

बीड, जालना, नाशिक, अहिल्यानगरच्या कोरडवाहू पट्ट्यांतून दरवर्षी दिवाळीच्या मागेपुढे लाखो माणसे ऊसतोडीला निघतात. ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती एका कोयत्याला. उचल आधी खाऊन झालेली असते, ती फिटेपर्यंत ऊस तोडायचा. पहाटे अंधारात फडात शिरायचे, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावरून गाडीत चढवायच्या, रात्री-अपरात्री गाडी आली की पुन्हा उठायचे. राहायला कोपी, तिला ना न्हाणी ना संडास. एक दिवस काम चुकले की तो ‘खाडा’, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. पाळीच्या दिवसांतही खाडा पडू नये म्हणून, संसर्ग अंगावर काढून काढून, आणि डॉक्टरने घाबरवले म्हणून किती बायकांनी गर्भाशय काढून टाकले, याची चौकशी करायला राज्य सरकारने २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले.

हवामान, विषमता आणि सामाजिक अरिष्ट यांचे तीन वेगळे विभाग फक्त विद्यापीठात असतात. बीडच्या शिवारात पाऊस बेभरवशाचा, म्हणून घरी काम नाही. घरी काम नाही म्हणून उचल. उचल आहे म्हणून खाडा परवडत नाही. खाडा परवडत नाही म्हणून शस्त्रक्रिया. आणि जो ऊस तोडायला ही बाई जाते, त्यानेच तिच्या मराठवाड्याचे पाणी वरचेवर ओढून घेतलेले असते.

पगारपत्रकावरचे दोनशे रुपये

आता दुसरी बाजू. १९७२ च्या दुष्काळाची आठवण म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात मिलो, सुकडी आणि खडी या तीन शब्दांनी येते: परदेशातून आलेली लाल ज्वारी, मुलांना वाटलेला पौष्टिक खाऊ आणि दिवसभर फोडलेला दगड. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. राज्याची लोकसंख्या तेव्हा पाच कोटींच्या आसपास, म्हणजे दहातला एक माणूस कामावर. पिके जवळजवळ साफ बुडूनही जुन्या दुष्काळांसारखा मृत्यूचे थैमान झाले नाही, ते या कामांमुळे. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांच्या अभ्यासाने हे जगापुढे आणले.

त्यातून उभी राहिली रोजगार हमी. तिचे जनक वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते आणि सुरुवातीचा प्रयोग त्यांच्या तासगाव तालुक्यात झाला होता. पुण्यात वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ च्या दारिद्र्यावरील अभ्यासात, नुसत्या वाढीने तळचा माणूस वर येणार नाही, त्याला सार्वजनिक कामांतून रोजगार द्यावा लागेल, असे आकडेवारीनिशी मांडले होते. विधिमंडळाने १९७७ मध्ये कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागितले की पंधरा दिवसांत द्यायचे, नाही तर भत्ता द्यायचा. बाई-बाप्यांना मजुरी सारखी. काम हा हक्क, मेहेरबानी नव्हे.

त्याच्या पैशाची सोय तर खास पाहण्यासारखी आहे. मुंबई-पुण्यातल्या नोकरदाराच्या पगारपत्रकावर ‘व्यवसाय कर’ म्हणून महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात. वर्षाचे २,५००. हा कर १९७५ मध्ये आला तो रोजगार हमीसाठी. जितका जमेल तितकीच भर सरकारने घालायची, असे ठरले. शहराच्या कमाईतला वाटा दुष्काळी तालुक्याच्या मजुरीत जाण्याची ही थेट चारी होती. २००५ च्या देशव्यापी कायद्याने महाराष्ट्राच्या या अनुभवावरूनच धडा घेतला.

इथेही रेघ चुकलीच. हमीतून पाझर तलाव, नालाबांध, रस्ते झाले. दगड वाहिला भूमिहीन बाईने. तलाव पाझरला तो खालच्या अंगाला ज्याची विहीर त्याच्यासाठी. मजुरी तिला मिळाली, पाणी दुसऱ्याला. कामाचा हक्क कायद्यात आला, कामातून झालेल्या पाण्याचा हक्क आला नाही.

पाणी माणशी

ही उणीव एका उद्योजकाने हेरली. विलासराव साळुंखे पुण्याचे अभियंता-उद्योजक. १९७२ च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यात खडी फोडणारी माणसे पाहून ते हलले आणि १९७४ च्या सुमारास नायगावला देवस्थानची चाळीस एकर जमीन खंडाने घेऊन पाणी अडवायच्या खटपटीला लागले. पाणी साठले, विहीर भरली. पुढचा प्रश्न अवघड होता. ते वाटायचे कसे?

पाणी पंचायतीचे नियम त्यातून ठरले. पाणी जमिनीच्या हिशेबाने द्यायचे नाही, घरातल्या माणसांच्या हिशेबाने द्यायचे: माणशी अर्धा एकर भिजेल इतके, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. ज्याला जमीन नाही त्यालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत जाणार नाही. ऊस आणि बारमाही पिके बंद. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा पाणी घेणाऱ्यांनी आधी रोख भरायचा, म्हणजे ती सरकारी दानाची गोष्ट राहत नाही.

हे नियम कागदावर पाच-सहा ओळींत मावतात. मालमत्तेचा सगळा विचार मात्र त्यांनी उलटा केला. पाण्याला किंमत लावा, जो जास्त देईल तो घेईल, असे बाजाराचे अर्थशास्त्र सांगते. सरकारच्या ताब्यात द्या, अधिकारी वाटेल, असे दुसरे सांगते. नायगावने तिसरा मार्ग घेतला. सामायिक संसाधने वापरणारी माणसे स्वतः नियम करून ती टिकवू शकतात, हे जगभरच्या उदाहरणांवरून मांडणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. नायगावची पंचायत त्याच्या पस्तीस वर्षे आधीची.

हिवरे बाजार गावाने सरपंच पोपटराव पवारांच्या काळात दुसरे पाऊल टाकले. दरवर्षी पाऊस किती पडला, विहिरींत किती उतरला याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडायचा. माणसांचे आणि जनावरांचे पाणी आधी बाजूला काढायचे, उरेल त्यावर पिके ठरवायची. शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने जंगलाच्या बाबतीत हेच केले. वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क २००९ मध्ये मान्य झाला. बांबू वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती यायला एप्रिल २०११ उजाडले. त्याआधी कागद गिरण्यांना कवडीमोलाने जाणारा बांबू आता किती तोडायचा, कोणाला आणि कोणत्या भावाने विकायचा, हे गाव ठरवू लागले.

परवान्याचा प्रश्न

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. एक, हे सारे गावापुरते. राज्याचा गाडा असा चालत नाही. दोन, वाढ थांबवून गरिबी हटत नाही. दुसरा आक्षेप बराचसा खरा आहे. युरोपात काही अर्थतज्ज्ञ वाढीलाच आवर घाला म्हणतात, तो विचार धडगाव-भामरागडसारख्या आदिवासी भागाला जसाच्या तसा लागू करणे म्हणजे रानड्यांनी दाखवलेलीच चूक उलट्या बाजूने करणे होय. तिथे वीज, दवाखाना, रस्ता, रोजगार वाढायलाच हवा. प्रश्न इतकाच की ती वाढ कोणाच्या विहिरीतून आणि कोणाच्या पाठीवरून येते, हे वहीत लिहिले जाते की नाही.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर रोजगार हमीने दिलेलेच आहे. तासगाव तालुक्यातला प्रयोग आधी राज्याचा आणि मग देशाचा कायदा झाला. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात अधिसूचित भागात बारमाही पिकांना ठिबक किंवा तुषार सिंचनाची अट घालण्याची तरतूद आहे. म्हणजे ऊस आणि पाणी यांचा संबंध कायद्याला मान्य आहे. अडते ते अंमलबजावणीत.

आणि अंमलबजावणीचे एक हत्यार राज्याच्या हातात आहे. कारखान्याला हंगाम सुरू करायला साखर आयुक्तांचा गाळप परवाना लागतो. शेतकऱ्यांची एफआरपी, म्हणजे उसाची कायद्याने ठरलेली किंमत, थकवणाऱ्या कारखान्याचा परवाना आयुक्तालय अडवून धरते, थकीत रकमेसाठी महसुली वसुलीची प्रमाणपत्रे काढते. म्हणजे साखरेच्या पोत्यामागे सभासद शेतकऱ्याचे देणे लागते, हे परवान्याने कबूल केले. ते आंदोलनांनी मिळवलेले आहे आणि रास्त आहे.

त्याच अर्जात आणखी दोन रकाने घालता येतात. पहिला, कारखान्याच्या कार्यक्षेत्रातल्या पाणलोटांचा त्या वर्षीचा ताळेबंद: पिण्याचे पाणी बाजूला काढल्यावर किती उसाला पाणी पुरते. दुसरा, तोडणीला आणलेल्या प्रत्येक माणसाची नोंद, कोयत्याची नव्हे. नवऱ्याची वेगळी, बायकोची वेगळी, मजुरी ज्याच्या-त्याच्या खात्यावर, तळावर पाणी आणि संडास, आजारपणाच्या दिवसाला खाडा नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणा राज्याकडे आहे, ऊसतोड कामगारांचे महामंडळही आहे. नवे खाते काढायची गरज नाही.

कारखानदार म्हणतील, साखर महाग होईल. थोडी होईलही. आज ती स्वस्त आहे ती लातूरच्या नळाने आणि बीडच्या बाईने फरक भरून काढला म्हणून. तो फरक यापुढे कोणी आणि किती भरायचा, याची वाटणी जिल्हा नियोजनाच्या बैठकीत, कारखान्याच्या वार्षिक सभेत आणि विधिमंडळात उघडपणे ठरावी. यंदाच्या हंगामाचे अर्ज आयुक्तालयात जाण्याआधी हे दोन रकाने छापून घेण्याची मागणी कारखान्यांच्या सभासदांनीच करायला हवी, कारण परवान्याच्या जोरावर हक्काचे पैसे कसे मिळतात, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही.